‘फुल इन्शुरन्स’ म्हणजे नक्की काय? गाडीच्या विम्यातले चार कप्पे

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलीभाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय थोडा रुक्ष वाटेल, पण ज्यांच्या दारात चारचाकी उभी आहे त्यांनी शेवटपर्यंत ऐका. विषय आहे गाडीचा विमा. तो कुठून काढायचा, कोणती कंपनी चांगली, यात मी पडणार नाही. आपण जे पैसे भरतो त्यात नेमकं काय येतं आणि काय येत नाही, एवढंच आज बघायचं.

सुरुवात माझ्या मामापासून करतो. मामा गंगाखेड तालुक्यातला. दोन वर्षांपूर्वी त्यानं एक जुनी कार घेतली, बाराशे सीसीची. लग्नसराईत एका रात्री तो आणि मामी परभणीहून गावाकडे निघाले. रस्त्यात रानडुक्कर आडवं आलं. मामानं गाडी वळवली आणि ती सरळ जाऊन बाभळीला धडकली. मामाच्या दोन बरगड्या मोडल्या आणि मामीच्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. गाडीचं तोंड पार आत गेलं.

मी दवाखान्यात पोचलो तर मामा खाटेवरून मलाच धीर देत होता, "घाबरू नको, गाडीचा फुल इन्शुरन्स हाय."

दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डच्या कप्प्यातून कागद काढला. वर इंग्रजीत लिहिलं होतं ‘लायबिलिटी ओन्ली’, म्हणजे फक्त थर्ड पार्टी. मामाला विचारलं तर म्हणाला, "दुकानदाराला म्हटलं पोलिसांनी धरू नये असा इन्शुरन्स काढ. त्यानं काढून दिला."

दुकानदारानं सांगितलं तेच केलं होतं. त्या कागदावर पोलीस धरणार नव्हते. पण गाडीला त्यातून एक रुपया मिळणार नव्हता, आणि मामीच्या पायालाही नाही. मामीचं ऐकून मला स्वतःलाही धक्का बसला. मला वाटत होतं, थर्ड पार्टी आहे म्हणजे निदान माणसांचं तरी मिळेल.

त्या आठवड्यात मी पॉलिसीचे कागद पहिल्यांदा नीट वाचले. आणि मग मला एक सोपी पद्धत सापडली, तीच आज सांगतो. विम्याचे प्रकार पाठ करू नका. फक्त एक प्रश्न विचारा: अपघात झाला तर नुकसान कोणाकोणाचं होऊ शकतं? उत्तर चारच आहेत. एक, समोरच्याचं. दोन, आपल्या गाडीचं. तीन, गाडी चालवणाऱ्या मालकाचं. चार, गाडीत बसलेल्यांचं. हे चार कप्पे समजा. आपली पॉलिसी काढायची आणि बघायचं, कोणत्या कप्प्यात काही आहे आणि कोणता रिकामा आहे.

पहिला कप्पा: समोरचा माणूस

यालाच थर्ड पार्टी म्हणतात. मोटार वाहन कायदा १९८८, त्यातल्या कलम १४६ प्रमाणे हा विमा सक्तीचा आहे. तो नसताना पकडले गेलात तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा पकडले गेलात तर दंड ४,००० रुपये.

याचा हप्ता कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेले दर असे: हजार सीसीपर्यंतच्या खासगी कारला २,०९४ रुपये, हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६ आणि त्याच्या वर ७,८९७. यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे मामाच्या गाडीचं हे झालं चार हजार एकतीस रुपये. नवी कार घेतली की हा भाग एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून.

या पैशांत काय मिळतं? तुमच्या गाडीनं कोणी रस्त्यावरचा माणूस, सायकलवाला, दुचाकीवाला जखमी झाला किंवा दगावला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती कंपनी भरते. मृत्यू आणि दुखापतीला रकमेची मर्यादा नाही. दहा लाख ठरले तरी कंपनीच भरणार, पन्नास लाख ठरले तरी कंपनीच. मालमत्तेचं नुकसान मात्र कारच्या बाबतीत साडेसात लाखांपर्यंत.

म्हणून थर्ड पार्टीला कमी लेखू नका. दंड वाचवायला काढतो म्हणतात लोक, पण खरं तर तो आपलं शेत वाचवतो. विमा नसलेल्या गाडीनं एखादा कर्ता माणूस गेला आणि पंचवीस लाखांची भरपाई लागली, तर ती मालकाकडून वसूल होते. मग सातबारा निघतो.

एक पोटकलम लक्षात ठेवा. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर काय? समोरच्याला कंपनी पैसे देते, पण नंतर मालकाकडून वसूल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वरण सिंग निकालापासून ही वाट रूढ आहे. म्हणून पोराला "जा, जरा बस स्टँडवरून पाहुण्यांना घेऊन ये" म्हणताना त्याचं लायसन्स आहे का बघा.

दुसरा कप्पा: आपली गाडी

याला ओन डॅमेज म्हणतात. हा सक्तीचा नाही. थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र घेतलं की त्याला पॅकेज किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी म्हणतात, आपल्याकडं ‘फर्स्ट पार्टी’ किंवा ‘फुल’. सप्टेंबर २०१९ पासून ओन डॅमेज वेगळंही घेता येतं. तीन वर्षांचा थर्ड पार्टी आधीच भरलेला असेल तर दुसऱ्या वर्षी फक्त ओन डॅमेज घ्यायचं, दुसऱ्या कंपनीकडून घेतलं तरी चालतं.

यात अपघात, आग, चोरी, पूर, वादळ, वीज पडणं, दंगल, मुद्दाम केलेली तोडफोड, असं सगळं येतं. पण किती मिळतं, ते तीन आकड्यांवर ठरतं.

पहिला आकडा आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर जास्तीत जास्त एवढे मिळतात. ही किंमत दरवर्षी उतरते: दुसऱ्या वर्षात २० टक्के कमी, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०. आज शोरूमला आठ लाखांची असलेली गाडी चौथ्या वर्षात असेल तर आयडीव्ही ४ लाख ८० हजार. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. हप्ता कमी दिसावा म्हणून काही जण आयडीव्ही खाली आणून पॉलिसी देतात. पाचशे-सातशे रुपये वाचल्याचा आनंद होतो आणि चोरी झाल्यावर पन्नास हजार कमी येतात.

दुसरा आकडा घसारा. सुट्ट्या भागांची झीज कंपनी धरते आणि तेवढे पैसे कापते. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर सरळ ५० टक्के. काचेवर काही नाही. लोखंडी पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे.

तिसरा आकडा सक्तीची वजावट. दीड हजार सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक दाव्यात पहिले १,००० रुपये आपले, त्यावरच्या गाडीला २,०००.

आता हिशोब करून बघू. गाडीला चार वर्षं पूर्ण झालीत, पाचवं चालू आहे. बंपर ८ हजारांचा, बॉनेट १० हजारांचं, पुढची काच ६ हजारांची, मजुरी ६ हजार. बिल झालं ३० हजार. बंपरचे निम्मे कापले, ४ हजार मिळाले. बॉनेटवर या वयाला ३५ टक्के घसारा, साडेसहा हजार मिळाले. काच पूर्ण, मजुरी पूर्ण. झाले साडेबावीस हजार. त्यातून वजावटीचे हजार गेले. कंपनी देणार २१,५००. साडेआठ हजार तुमच्या खिशातून. गॅरेजवाल्यानं लुबाडलं, कंपनीनं फसवलं असं वाटतं, पण पॉलिसीत हे आधीच लिहिलेलं असतं.

हा घसारा कापू नये म्हणून जे वरचे पैसे भरतो त्याला ‘झिरो डेप’ म्हणतात. ते असतं तर वरच्या हिशोबात २९ हजार मिळाले असते. गाडी नवी असेपर्यंत झिरो डेप घ्यावं, असं माझं मत. गाडी बरीच जुनी झाली की बहुतेक कंपन्या ते देतही नाहीत.

आणि आता माझी स्वतःची फजिती. २०२४ च्या सप्टेंबरचे पहिले दोन दिवस आठवतात ना? परभणी, हिंगोली, सगळीकडं नुसतं पाणी. आमची गल्ली सखल, गाडी दारात उभी. सकाळी पाणी सीटपर्यंत आलं होतं. ओसरल्यावर मी मोठ्या हुशारीनं चावी फिरवली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आतून ठक्क आवाज आला आणि इंजिन बसलं. सिलिंडरमध्ये पाणी असताना ते फिरवलं, त्यामुळं आतला रॉड वाकला.

माझी पॉलिसी ‘फुल’ होती. सीट, वायरिंग, साफसफाई, याचे पैसे कापाकापी होऊन मिळाले. इंजिनचे नाही मिळाले. सर्व्हेअर शांतपणे म्हणाला, "पाण्यानं इंजिन गेलं नाही, तुम्ही चावी फिरवल्यानं गेलं." पॉलिसीच्या भाषेत त्याला परिणामी नुकसान म्हणतात आणि साध्या पॉलिसीत ते येत नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. मी ते घेतलं नव्हतं, कारण मुंबईच्या लोकांसाठी असतं ते, असं मला वाटायचं. दुधना, पूर्णा, गोदावरीच्या काठच्या जिल्ह्यात राहून!

तेव्हा पाण्यात बुडालेली गाडी सुरू करू नका. बॅटरीची वायर काढा, फोटो काढा, कंपनीला कळवा आणि टोचन लावून गॅरेजला न्या.

तिसरा कप्पा: चालवणारा मालक

पॉलिसीत ‘ओनर ड्रायव्हर पीए’ अशी एक ओळ असते. हा मालकाचा वैयक्तिक अपघात विमा, १५ लाखांचा. लायसन्स असलेल्या मालकाला हा सक्तीचा आहे, पण १ जानेवारी २०१९ पासून तो वेगळाही घेता येतो आणि एकाच मालकाच्या नावावर दोन-तीन गाड्या असतील तर एकच पुरतो.

यात दोन गैरसमज आहेत. पहिला, लोकांना वाटतं यातून दवाखान्याचं बिल मिळतं. नाही. मृत्यू, हात-पाय किंवा डोळा कायमचा जाणं, कायमचं पूर्ण अपंगत्व, यालाच पैसे आहेत. मामाच्या बरगड्या मोडल्या, त्याला यातून काहीच नाही. त्यासाठी आरोग्य विमा वेगळा.

दुसरा गैरसमज जास्त महागात जातो. हे संरक्षण फक्त मालकाला आहे. आपल्याकडं गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा. मुलाला काही झालं तर हे १५ लाख मिळत नाहीत. आणि मालकाकडून मागून घेतलेली गाडी चालवणारा थर्ड पार्टीतही सहसा बसत नाही, तो मालकाच्या जागी धरला जातो. म्हणजे रोज गाडी चालवणारा माणूसच दोन्ही कप्प्यांच्या बाहेर. यावर उपाय म्हणजे मुलाच्या नावानं वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढणं. तो फार महाग नसतो.

चौथा कप्पा: शेजारी आणि मागं बसलेले

आता येतो मामीवर. मामी गाडीची मालक नाही, चालवत नव्हती, तिचा काही दोष नाही. मग ती थर्ड पार्टी का नाही? खासगी कारमध्ये फुकट बसलेली माणसं, म्हणजे आपलेच नातेवाईक, मित्र, हे नुसत्या कायद्यापुरत्या काढलेल्या पॉलिसीत धरले जात नाहीत. पॅकेज पॉलिसीत मात्र ते धरले जातात. विमा नियामकानं नोव्हेंबर २००९ मध्ये परिपत्रक काढून कंपन्यांना हे स्पष्ट केलं आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या बालकृष्णन खटल्यात हाच फरक सांगितला. दुचाकीवर मागं बसणाऱ्यालाही हेच लागू.

म्हणजे लोक समजतात की फुल इन्शुरन्स पत्र्यासाठी असतो आणि थर्ड पार्टी माणसांसाठी. प्रत्यक्षात तुमच्या गाडीत बसलेली माणसं पॅकेजमध्ये येतात. "गाडी जुनी झाली, आता कशाला फुल?" असं म्हणून आपण पत्र्याचा विचार करतो आणि त्याच गाडीत आई, बायको, पोरं बसवून तुळजापूरला निघतो. मामानं हेच केलं होतं.

पॅकेज असलं तरी या कप्प्यातले पैसे न्यायाधिकरणात दावा करून, सहसा चालकाची चूक दाखवून मिळवावे लागतात. त्याला वेळ लागतो. म्हणून ‘अनामिक प्रवासी पीए’ हे छोटं कलम जोडून घ्या. प्रत्येक सीटमागं दोन लाखांपर्यंत मिळतं, हप्ता थोडा असतो, आणि दोष कोणाचा हा प्रश्न येत नाही.

पांढरी पाटी आणि भाडं

हे परभणीतच नाही, सगळीकडं चालतं, पण बोलायला हवं. पांढऱ्या पाटीची गाडी लग्नाला, शिर्डीला, नांदेडच्या दवाखान्यात भाड्यानं जाते. "डिझेल टाका आणि वर हजार द्या." खासगी गाडीच्या पॉलिसीत स्वच्छ लिहिलेलं असतं की भाड्यानं वापरायची नाही. अशा फेरीत अपघात झाला आणि भाडं घेतल्याचं सिद्ध झालं, तर गाडीचा दावा फेटाळला जाऊ शकतो आणि आत बसलेल्यांच्या भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो. भाडं करायचं असेल तर पिवळी पाटी आणि त्याचा विमा. आणि बसणाऱ्यांनीही पाटी बघून बसावं.

जुनी गाडी घेताना

कारचं नाव बदललं की विमाही नावावर करून घ्या. थर्ड पार्टीचा भाग कायद्यानं नव्या मालकाकडं आपोआप येतो, ओन डॅमेज येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडं अर्ज करायचा. एमएच-२२ ची गाडी आहे, ओळखीतली आहे, म्हणून सहा-सहा महिने जुन्या मालकाच्या नावावर फिरवू नका.

विकणाऱ्यांसाठी: दावा न केल्याबद्दल हप्त्यात जी सूट मिळते, एनसीबी, ती २० टक्क्यांपासून पाचव्या वर्षी ५० टक्क्यांपर्यंत जाते. ती गाडीची नसते, माणसाची असते. गाडी विकताना कंपनीकडून पत्र घ्या, नव्या गाडीला वापरता येते. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की ही सूट जाते. आणि दोन-तीन हजारांच्या ओरखड्यासाठी दावा करून ५० टक्के सूट घालवू नका.

अपघात झालाच तर

पीक विम्याची ७२ तासांची मुदत आपल्या जिल्ह्यात शेंबड्या पोराला माहीत असायची. सोयाबीन पाण्यात गेलं की बांधावरून फोटो निघायचे आणि पूर्वसूचना जायची. गाडीला तेवढंही थांबू नका, त्याच दिवशी कळवा. गाडी हलवण्याआधी फोटो. माणूस जखमी असेल तर आधी दवाखाना, मग पोलीस. चोरी असेल तर लगेच एफआयआर. सर्व्हेअर येण्याआधी गाडी खोलायला देऊ नका. जखमींच्या भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत टाका.

दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडं जा. तिथं नाही झालं तर १५५२५५ हा नियामकाचा क्रमांक आहे, आणि विमा लोकपालाकडं अर्ज करता येतो. त्याला फी नाही, वकील लागत नाही.

तर मंडळी, हा भाग संपला की एक काम करा. गाडीची पॉलिसी काढा, मोबाइलमध्ये असेल तर तिथं. वर ‘लायबिलिटी ओन्ली’ आहे की ‘पॅकेज’, ते बघा. मग मालकाच्या पीएची ओळ, मग प्रवाशांची ओळ, मग झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट. पाच मिनिटं लागतील. रिकामा कप्पा मुद्दाम ठेवलेला असेल तर हरकत नाही. गाडी पंधरा वर्षांची असेल, गावातल्या गावात एकटेच चालवत असाल, तर नुसता थर्ड पार्टी आणि पीए हा सुद्धा विचार करून घेतलेला निर्णय असू शकतो. फक्त तो तुम्ही घेतलेला असावा, दुकानदारानं नाही.

मामाचं विचारताय? दोन एकरांतल्या कापसाचे पैसे मामीच्या पायात घातलेल्या रॉडला गेले. गाडी भंगारात दिली. मामी आता चालते, थोडी लंगडते. पुढच्या वर्षी मामानं दुसरी जुनी गाडी घेतली तेव्हा विम्याच्या दुकानात मामी सोबत गेली. दुकानदारानं विचारलं, कोणता काढू? मामी म्हणाली, "मी बसते त्या बाजूचा बी काढा."

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या पॉलिसीत काही कोडं असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. सावकाश गाडी चालवा, पट्टा लावा. नमस्कार.